काचेआडून मी पाहिलेली निळी बादली

एप्रिलचा रविवार, सकाळचे साडेनऊ. ठिकाण : स्लोव्हेनियातल्या एका खेड्यामागचं दगडी तळं. पूर्वी इथे गुरं पाणी प्यायची.

मी न्यूट बोलतेय. दिसायला पालीसारखी, पण नातं बेडकाशी. पोट नारिंगी. त्या पोटानंच माझा घात केला.

पोस्टातून निवृत्त झालेले बोगोमिल जाळी घेऊन काठावर वाकले होते. मी पाण्यातलं एक पान मागच्या पायांनी दुमडून त्यात अंडं लपवत होते. एका पानात एक अंडं, ही आमची रीत. ते पान सोडायच्या आत मी जाळीत होते.

घरी त्यांची बायको मिलॉयका ओरडली, "अहो, पाल आणलीत? स्वयंपाकघरात?"

"पाल नाही गं, आपल्या गावची आहे! दुकानातले मासे काय, कोणीही पाळतं."

"मग त्या माशांचं काय करणार? भाजणार?"

"एवढं मोठं तळं आहे की!"

घरातल्या काचेच्या टाकीतले सात सोनेरी मासे निळ्या बादलीतून गेले. माझ्याच तळ्यात. माशांना कसला दोष द्यायचा? मासा आमची अंडी खातो, पिल्लं खातो; मोठे तळं सोडून जातात. हे माणसानं विचारायचं होतं. विचारलं नाही.

त्यांच्या टाकीत मला प्लास्टिकचं झाड मिळालं. पान दुमडलं की सुटायचं. पुन्हा दुमडायचे, पुन्हा सुटायचं. अंडी उघडी पडली, त्यांवर पांढरी बुरशी चढली. बोगोमिल पाहुण्यांना सांगायचे, "बघा, झाडाला कशी मिठी मारते!"

जूनमध्ये आम्हाला पाणी सोडून ओल्या पाचोळ्यात जायचं असतं. मी दिवसभर काच खरवडली.

"नमस्कार करतेय!" ते हसले.

"नमस्कार कसला? बाहेर सोडा म्हणतेय ती," मिलॉयका म्हणाली. "पत्रं तरी बरोबर घरी टाकायचात ना?"

"सोडू गं, उद्या."

त्या उद्याला वर्ष होत आलं. या एप्रिलमध्ये शाळेच्या बाई, आल्मा, गुडघाभर चिखलात माखून दाराशी आल्या; मिलॉयकानं त्यांना आत कॉफीला बसवलं. त्या दर वसंतात तळ्यातले न्यूट मोजतात.

"काका, गेल्या वर्षी दोनशे होते. यंदा एकही नाही. सोनेरी मासे मात्र चाळीस. कोणी सोडले असतील?"

"शहरातले लोक येतात ना सहलीला," बोगोमिल म्हणाले. मिलॉयकानं नवऱ्याकडे पाहिलं आणि बाईंच्या भरलेल्या कपात आणखी कॉफी ओतली.

तेवढ्यात आल्माबाईंना मी दिसले. "अहो, हिला तरी परत सोडा!"

"कुठे? त्या माशांत?" ते फटकन बोलले.

वर्षभरात त्यांनी माझ्याबद्दल काढलेला हा पहिला खरा शब्द. मी काचेला पोट टेकून उभी होते. आवाज असता तर त्यांचं नाव घेतलं असतं.

आम्हाला पाहायचं असेल तर काठावर बसून पाहा. एवढंच मागते. माझ्यासाठी आता उशीर झालाय.

जाताना आल्माबाईंनी दाराशी ठेवलेल्या त्याच निळ्या बादलीत बूट धुतले. दुसऱ्या दिवशी गावाच्या फलकावर त्यांचा प्रश्न लागला : तळ्यात मासे कोणी सोडले? त्याला तीन आठवडे झाले. कोणीही पुढे आलेलं नाही.