बुचातले गुलाबी मेण

बाटलीच्या बुचात गोल गोल शिरायचे आणि त्याला बाहेर ओढून काढायचे, हे काम करणारा मी एक जुना कॉर्कस्क्रू आहे. वर लाकडी मूठ, खाली पोलादी मळसूत्र, एवढाच माझा देह. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, स्वभावाने मी संशयी आहे. पण त्यात माझा दोष थोडाच? वरून सगळी बुचे सारखीच दिसतात. आत मात्र एखादे भुसभुशीत असते, एखादे कुजलेले, एखादे दगडासारखे. आत शिरल्याशिवाय कोणावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तार तापवून, पिळून, टोक घासून मला तयार केले. तिथे एक तपासनीस बाई होत्या. त्या प्रत्येकाला एक बूच काढायला लावत. माझ्या शेजारचा अर्ध्यातच वाकला आणि पुन्हा भट्टीत गेला. मी पास झालो. पुढे दुकानाच्या काचेमागे बराच काळ धूळ खाल्ल्यावर एका घड्याळजींनी मला उचलले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी माझे वेढे पाहिले आणि म्हणाले, "पीळ सरळ आहे. हा चालेल." इतके कौतुक मला पुन्हा फार थोड्या वेळा मिळाले.

माझ्या मालकांचे दोन जुने मित्र होते. एक दातांचे डॉक्टर, दुसऱ्या भूगोल शिकवणाऱ्या बाई. तिघे शाळेपासूनचे सोबती. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दिवे लागायच्या सुमारास, ते कोपऱ्यावरच्या चिनी रेस्टॉरंटमध्ये जेवायला जमत. तिथल्या गोल टेबलावर एक फिरती काच होती. सूप, नूडल्स, आले घातलेला वाफवलेला मासा, सगळे त्या काचेवर ठेवायचे आणि हलकेच फिरवून एकमेकांकडे पाठवायचे. पाळीपाळीने एकजण चांगली, जपून ठेवलेली वाईनची बाटली घेऊन येई.

वाईन ही मोठ्या माणसांची गोष्ट आहे, मित्रांनो. तुम्ही तिच्या नादी लागू नका. माझी कहाणी तिची नाहीच, त्या तिघांची आहे.

त्यांचा एक नियम होता. बाटली घरूनच फडक्यात गुंडाळून आणायची. बुचावरच्या चकचकीत कागदावरही बनवणाऱ्याचे नाव असते, म्हणून तोही काढून टाकायचा. दिसायचे ते फक्त बूच. आणि बाटली कोणीही आणलेली असो, ती बाकीच्यांनी उघडायची नाही. उघडायची घड्याळजींनी, माझ्या मदतीने. मग तिघांनी वास घ्यायचा, चाखायचे, ओळखायचे, भांडायचे, आणि शेवटी फडके सोडायचे.

"दात उपटणारा मी, आणि बूच उपटायचा मान ह्या टिकटिक्याला!" डॉक्टर दर वेळी म्हणत.

"तुझ्या हातात दिलं तर आधी बाटलीला 'आ कर' म्हणशील," बाई म्हणत.

डॉक्टरांचे नाक सगळ्यांत तिखट होते. पेला जवळ नेला की लगेच बोलत, "जांभळं! आणि मागून ओली माती." बहुतेक वेळा ते बरोबरही असत.

मग एका हिवाळ्यात डॉक्टर तापाने आजारी पडले. बरे होऊन आले तेव्हा पाळी त्यांचीच होती. मी नेहमीप्रमाणे बुचात शिरलो आणि दचकलो. बुचाची ओळखीची चिवट पकडच नव्हती. माझे टोक कशात तरी मऊ, गुळगुळीत सरकत गेले. त्या बुचात आधीच कोणीतरी शिरून गेले होते! आणि तो मार्ग आतून भरून, वरून साफ करून ठेवला होता, इतका सफाईने की डोळ्यांना काही दिसू नये.

वाईन चाखून बाई म्हणाल्या, "का कुणास ठाऊक, पण चव उतरल्यासारखी वाटते."

"मलाही तेच वाटलं," डॉक्टर पटकन म्हणाले.

जे डॉक्टर नेहमी सर्वांत आधी बोलत, ते आज दुसऱ्याच्या बोलण्याची वाट पाहत होते. माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी दुकानात घड्याळजी मला पुसायला बसले. भिंगातून पाहताना त्यांचा हात थांबला. माझ्या वेढ्यात गुलाबी मेणाचा एक कण अडकला होता. दातांचे साचे घ्यायला डॉक्टर वापरत, तेच मेण. घड्याळजींनी तो कण चिमट्याने उचलला आणि घड्याळाचे स्क्रू ठेवायच्या एका पत्र्याच्या डबीत टाकला.

तीन महिन्यांनी पुन्हा डॉक्टरांची पाळी आली, पुन्हा मेण निघाले, पुन्हा वाईन उतरलेली. डबीत दोन कण झाले. आता घड्याळजींना सगळेच वाकडे दिसू लागले. डॉक्टर सारखे बाईंच्या तोंडाकडे का पाहत बसतात? "तुला कसला वास येतोय गं?" असे का विचारतात? भारी बाटलीत हलकी वाईन भरून आपल्याला मूर्ख बनवतो आहे, आणि आपण ओळखतो का ते बघून मनात हसतो आहे! घड्याळ दुरुस्त करता करता मालक हे पुटपुटत आणि शेजारी पडलेला मी मनात म्हणे, अगदी बरोबर. मेण तर मीच पकडले होते ना!

पुढचे दोन महिने ते शनिवारी गेलेच नाहीत. "दुकानात काम आहे," असे सांगून त्यांनी स्वतःची पाळीसुद्धा चुकवली. मी खणात तुटक्या किल्ल्यांबरोबर पडून राहिलो. दमट हवेने माझ्या टोकावर गंज चढला. चांगल्या हत्याराला काम नसणे म्हणजे काय, ते तेव्हा मला कळले.

मग पुन्हा डॉक्टरांची पाळी आली. त्या दिवशी घड्याळजींनी मला एका खिशात टाकले आणि ती डबी दुसऱ्या खिशात. ते बाहेर पडता पडता पुटपुटले, "आज सोक्षमोक्ष."

रेस्टॉरंटमध्ये सगळे नेहमीसारखे होते. तिथल्या मालकीणबाईंनी डॉक्टरांच्या पाठीमागच्या छोट्या टेबलावर मासा गरम राहावा म्हणून ताटलीखाली मेणबत्ती लावून ठेवली होती. मी बुचात शिरलो. मेण! वाईन ओतली गेली, चाखून झाली. डॉक्टरांनी फडके सोडून मागे टाकले. बाटलीवर फार जुने, फार चांगले नाव होते.

"नाव मोठं, पण जीव नाही हिच्यात," बाई म्हणाल्या.

"हो ना. मलाही..." डॉक्टर म्हणाले.

घड्याळजींनी डबी काढली, झाकण उघडले आणि फिरत्या काचेवर ठेवली. त्यांनी काचेवर बोट टेकले. आता फक्त एक ढकल, आणि चाळीस वर्षांची मैत्री डबीबरोबर फिरणार होती.

तेवढ्यात बाईंनी नाक वर केले. "काय जळतंय?"

"कापड जळतंय कुठंतरी!" मालकीणबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

फडक्याचे टोक मेणबत्तीवर गेले होते. डॉक्टरांच्या खांद्यामागे हातभरावर ते धुमसत होते. उग्र वास सगळीकडे भरला होता. आणि डॉक्टर शांतपणे आपल्या पेल्याकडे पाहत बसले होते.

मालकीणबाईंनी चहाची आख्खी किटली फडक्यावर ओतली. चर्र झाले तेव्हा कुठे डॉक्टर वळले. "अरे! काय झालं?"

घड्याळजींचे बोट काचेवर तसेच थिजले. ते हळूच म्हणाले, "तुला वास नाही आला?"

डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. मग ते म्हणाले, "त्या तापापासून कसलाच येत नाही. जेवण म्हणजे गरम, गार, खारट, आंबट. बाकी सगळं कोरं."

"आणि बाटल्या?"

"खराब निघालेली बाटली तुमच्यापुढं कशी ठेवू? मला तर कळणार नाही. म्हणून आदल्या दिवशी उघडून घरी माझ्या थोरल्या बहिणीला चाखायला द्यायचो. ती बरी म्हणाली की बूच परत बसवायचो. भोक राहायचं ते मेणानं भरायचो. हाताला सवयच आहे भोकं बुजवायची." ते कसनुसे हसले.

"अरे गाढवा, आदल्या दिवशी उघडलीस, हवा लागली म्हणून तर ती उतरली!" बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "सांगितलं का नाहीस?"

"ज्याला वासच येत नाही, त्याला वाईन प्यायला कोण बोलावणार?"

घड्याळजींना डबी खिशात लपवता आली असती. मला वाटले, लपवतील. पण त्यांनी काच फिरवली. डबी डॉक्टरांसमोर जाऊन थांबली. डॉक्टरांनी ते दोन गुलाबी कण पाहिले आणि त्यांना सगळे समजले.

"किती दिवस जमवतोयस हे?"

"सहा महिने. मला वाटलं, तू आम्हाला फसवतोयस."

"मग विचारलं का नाहीस रे?"

डॉक्टरांनी काच उलटी फिरवली. डबी घड्याळजींकडे परत आली. सोबत माशाची ताटलीही आली. "जेव आता, गार होतोय," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवसापासून नियम बदलला. डॉक्टर बाटली न उघडताच आणतात. खराब निघाली तर तिघे मिळून हसतात. आणि वास घेतल्यावर कोणी गप्प बसत नाही. बाई म्हणतात, "नकाशाच्या जुन्या कापडासारखा." घड्याळजी म्हणतात, "छे, सुतारानं नुकतीच फळी कापल्यासारखा." डॉक्टर डोळे मिटून ऐकतात आणि मग घोट घेतात.

आता मी म्हातारा झालो आहे. मालकांचा हात थरथरतो, माझे टोक बोथट झाले आहे, आणि पुष्कळ बाटल्यांना आता बूचच नसते. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने हत्यार असेल, तर त्याला पुसून कोरड्या जागी ठेवा. आणखी एक सांगतो. मेण मी बरोबर पकडले होते, पण ते कशासाठी भरले होते, ते सहा महिने मला कळले नाही. आजही नव्या बुचात शिरताना मला संशय येतोच. मला फक्त टोक आहे, मी टोचूनच पाहणार. तुम्हाला तोंड आहे. तुम्ही आधी विचारा.