दारासमोरची भिंत

तुम्ही बसला आहात त्या खोलीच्या भिंतींकडे जरा बघा. आता मनातल्या मनात पत्र्याचा एक तुकडा हातात घ्या आणि त्यातल्या तीन भिंती खरवडा, जुना चुना गळून आतला खरबरीत गिलावा दिसेपर्यंत. ज्या भिंतीला दार आहे, ती मात्र तशीच राहू द्या. तिला गेल्याच वर्षी चुना दिलाय, ती गुळगुळीत आहे. झालं?

अशीच एक खोली पनवेलला, बंदराच्या वाटेवरच्या एका आगरी घरात होती. साल असेल १९५५. त्या खोलीत अकरा वर्षांच्या वेणूला उभी करा. तिच्या हातात भिंत मोजायला काठी आहे. खोली रंगवायची आहे तिच्या चुलत भावासाठी, धर्मराजसाठी. त्याचं लग्न ठरलंय. आणि वेणू त्याच्याशी आठवडाभर स्वतःहून एक शब्द बोललेली नाही.

का, ते सांगतो. वेणूनं एक कोंबडी वाढवली होती, तांबडी. पिल्लू असताना घारीनं तिच्यावर झडप घातली होती. वेणूनं दगड मारून तिला सोडवलं, पंखात हळद भरली, रात्री टोपलीत घालून उशाशी ठेवलं. पुढे ती कोंबडी तिच्या मागे मागे विहिरीपर्यंत जायची.

एके दिवशी वेणू शाळेतून आली, तेव्हा धर्मराज आणि भातगिरणीतले त्याचे दोन दोस्त जेवत होते. भीमाबाईनं, म्हणजे वेणूच्या काकीनं, तिच्यापुढेही भाकरी आणि रस्सा ठेवला. भूक सडकून लागली होती. तिनं रस्सा मागून घेतला.

"वाढ गो तिला अजून," धर्मराज म्हणाला. "घरचीच हाय, कमी पडायची नाय."

दोस्त हसले.

"कुनाच्या घरची?" वेणूनं विचारलं.

"आपल्याच. रोज तुज्या मांडीवर बसायची ती."

वेणू उठून परसात गेली. राखेच्या ढिगावर तांबडी पिसं पडली होती. तिला तिथंच उलटी झाली.

काकी दारातून म्हणाली, "कोंबडी खायलाच पालतान. तिचं काय लगीन लावायचं व्हतं?"

वेणूचा बाप काशिराम मिठागरावर होता, हंगाम संपेपर्यंत तो घरी यायचा नव्हता. सांगायचं कुणाला? वेणू रडली नाही. तिनं खरकटं तोंड धुतलं आणि धर्मराजकडे असं काय आहे, जे बिघडलं तर त्याला असंच लागेल, याचा ती विचार करू लागली.

आणि मग ही खोली रंगवायची निघाली. धर्मराजनं मोरपंखी रंग ठरवला होता. सासरची माणसं उरणहून घर बघायला येणार होती, आणि असा रंग अख्ख्या आळीत कुणाकडे नव्हता.

आता रंगाची एक गोष्ट समजून घ्या. चुना विझवायचा, गाळायचा, त्यात रंगाची पूड कालवायची. पूड घालायची ती डोळ्यांच्या अंदाजानं. म्हणून सगळा रंग एकाच वेळी, एकाच पिंपात कालवावा लागतो. कमी पडला आणि पुन्हा कालवला, तर तोच रंग परत येत नाही. ओला असताना फरक कळत नाही, वाळल्यावर कळतो.

"वेणे, तू हिशोबात हुशार," धर्मराज म्हणाला. "किती डबे रंग लागंल, काढून दे. जास्ती नको, उरला तर ओतून द्यावा लागंल."

"काढते," वेणू म्हणाली.

हिशोब अवघड नसतो. एक डबा चुन्याचं पाणी घ्यायचं, कुंच्यानं भिंतीवर लावायचं, ते कुठपर्यंत पुरतं ते बघायचं. सगळ्या भिंती मिळून असे किती तुकडे होतात ते मोजायचं, दारं-खिडक्या वजा करायच्या. वेणूनं आधी खरवडलेल्या भिंतीवर लावून पाहिलं. उघडा गिलावा पाणी प्यायला, डबा बघता बघता संपला. मग तिनं गुळगुळीत भिंतीवर लावलं. तिथं तेवढ्याच डब्यात दीडपट जागा झाली.

ती थोडा वेळ दोन्ही डागांकडे बघत उभी राहिली. मग तिनं चारही भिंतींचा हिशोब केला तो गुळगुळीत भिंतीच्या मापानं. गुणाकार बरोबर, वजाबाकी बरोबर. त्यात एकही आकडा खोटा नव्हता. खोटी होती ती फक्त मोजायला निवडलेली जागा.

"बारा डबे," तिनं सांगितलं.

धर्मराजनं बारा डबे रंग कालवला. दाराची भिंत झाली, बाजूच्या दोन झाल्या, आणि पिंपाचा तळ दिसला. दारासमोरची भिंत, आत पाऊल टाकलं की पहिली दिसते ती, कोरडीच राहिली. त्यानं शिव्या घालत पुन्हा पूड कालवली, पुन्हा, पुन्हा, आणि शेवटी जमलं असं वाटून भिंत रंगवली. दिवस मावळताना चारही भिंती सारख्या दिसत होत्या. रात्री वेणूला छान झोप लागली.

सकाळी तीन भिंती मोरपंखी होत्या. चौथी शेवाळलेल्या डबक्यासारखी.

"अरे देवा, ह्या भिंतीला काय झालं?" काकी म्हणाली. "दुपारी मान्सं यायची हात."

"दुकानदारानं पूडच भेसळ दिली," धर्मराज म्हणाला. त्याचं तोंड काळवंडलं होतं. "वेणीचा हिशोब बरोबर व्हता. मीच जाड हात मारला असंल."

वेणू दारात उभी होती. आता ती सुटली होती, कुणी तिचं नावही घेणार नव्हतं. पण तिला ते गोड लागेना. तो दुकानदारावर चिडला होता, स्वतःवर चिडला होता. तांबडीची त्याला आठवणही नव्हती.

"दादूस," ती म्हणाली, "हिशोब मी हितं केला." तिनं दाराच्या गुळगुळीत भिंतीवर हात ठेवला. "खरवडलेल्या भिंतीवर आदी लावून बघितलं व्हतं. तिथं रंग दीडपट लागतो, मला ठावं व्हतं. तरी तुला बारा सांगितले."

"का पन?"

"तू माजी तांबडी मला खायला घातलीस म्हून."

 तिला मारायला धर्मराजचा हात वर गेला, तेवढ्यात बाहेर टांगा थांबला आणि बायकांचे आवाज आले. पाहुणे ठरल्या वेळेच्या आधीच आले होते.

"खिडकी लावा," काकी कुजबुजली. "अंधारात कळायचं नाय." तिनं स्वतःच झडपा ओढून घेतल्या, पदर सावरला आणि ओटीवर गेली. धर्मराज तिच्यामागे गेला.

वेणू खोलीत एकटीच राहिली. पाहुण्यांची पावलं दाराशी आली, तेव्हा तिनं दोन्ही झडपा सताड उघडल्या आणि उजेडाच्या वाटेतून बाजूला झाली.