रुकूत अडकलेले मास्तर

चूक झाली तरी ती कबूल न करणारा एक माणूस जवळजवळ प्रत्येक घरात असतो. घरातली माणसं त्याला सांभाळून घेतात, शेजारी त्याला टाळतात आणि तो मात्र समजतो की सगळे आपल्याला मानतात. ही गोष्ट अशाच एका शिंपी मास्तरांची.

मास्तरांचं दुकान बाजाराच्या ऐन तोंडावर होतं. कोट शिवावा तर मास्तरांनीच, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. पण मास्तर चालताना असे ताठ चालत की बाजारात त्यांचं नाव ‘कडक कॉलर’ पडलं होतं. आधी सलाम करायचा तो समोरच्यानं. रस्ता द्यायचा तोही समोरच्यानंच. कुणी काही बोललंच, तर मास्तरांचं एक वाक्य तयार असे. “मी अल्लाहशिवाय कोणापुढे झुकत नाही.”

या वाक्यावर कुणाला काही बोलता येत नसे. मास्तर पाच वेळचे नमाजी. पहिल्या रांगेतली त्यांची जागा ठरलेली. त्यांना खोटं कोण म्हणणार?

बायको वारल्यापासून घर मोठी बहीण सांभाळत होती. तिला सगळा मोहल्ला आपा म्हणायचा. मास्तरांना एकुलती एक मुलगी, आणि जावई त्यांच्याच हाताखाली तयार झालेला कारागीर. सासरा कापड बेतायचा, जावई शिवायचा. छान चाललं होतं. मग तो बाहीचा प्रकार घडला.

बँकेतल्या कॅशियरसाहेबांनी बढतीच्या मुलाखतीसाठी कोट शिवायला टाकला होता. मास्तरांनी कापड पसरलं, खडूनं खुणा केल्या. जावई हळूच म्हणाला, “अब्बा, चष्मा लावा ना.”

“तू रांगत होतास तेव्हापासून मी बाह्या कापतोय,” मास्तर म्हणाले, आणि कात्री चालवली.

कॅशियरसाहेब कोट घालून आरशासमोर उभे राहिले. उजवी बाही मनगटापर्यंत नीट आली. डावी मात्र कोपराच्या जरा पुढे येऊन थांबली होती, जणू तिला पुढे यायची लाज वाटत होती. साहेबांनी हात खाली ओढून पाहिला, खांदा पाडून पाहिला. बाही काही हलेना.

“हे काय, मास्तर?”

दुकानात चार माणसं बसलेली. मास्तरांनी एकदा बाहीकडे पाहिलं, एकदा त्या माणसांकडे, आणि जावयाकडे बोट केलं. “याच्या हाती कात्री दिली, हीच माझी चूक.”

जावयानं सासऱ्याकडे नुसतं पाहिलं. मग गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली आणि तो दुकानातून उतरला. कॅशियरसाहेबांनी ही गोष्ट खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. जावयाला बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एका लाँड्रीत काम मिळालं खरं, पण गुंड्या लावायचं आणि पँटच्या पायांची मोहरी दुमडायचं. कात्रीला हात लावायचा नाही, हे लाँड्रीवाल्यानं पहिल्याच दिवशी बजावलं. मुलीनं माहेरी येणं सोडलं.

आपा म्हणाली, “जाऊन सांग की त्याला, माझं चुकलं म्हणून.”

“मी अल्लाहशिवाय कोणापुढे...”

“बरं बरं,” आपा म्हणाली, आणि भांडी जरा जोरात आदळायला लागली.

असेच काही महिने गेले. आणि एका दुपारी, मशिदीत, मास्तर झुकले ते झुकलेच.

नमाजेत उभं राहून कमरेत वाकतात, हात गुडघ्यांवर टेकतात, पाठ सपाट ठेवतात. त्याला रुकू म्हणतात. मास्तर रुकूत गेले आणि कमरेत काहीतरी कट्कन वाजलं. इमामसाहेबांनी उठण्याची हाक दिली. सगळी रांग उठली. मास्तर जागेवरच. रांग कपाळ जमिनीला टेकून सजद्यात गेली, मास्तर तसेच. रांग परत उभी राहिली, तरीही मास्तर आपले गुडघ्यांवर हात ठेवून चटईकडे बघत.

मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं नमाज संपल्यावर डोळे पुसले. “काय तल्लीन झाले होते बघा,” तो शेजाऱ्याला म्हणाला.

इमामसाहेब जवळ आले. “मास्तर, नमाज झाली.”

“ठाऊक आहे,” मास्तर चटईला म्हणाले.

“मग?”

“कंबर.”

इमामसाहेबांनी हसू दाबलं आणि हात पुढे केला. पण मास्तरांनी तो घेतला नाही. “जाईन माझा मी,” म्हणत ते त्याच अवस्थेत दाराकडे निघाले.

बाजारातून घरी जायचं म्हणजे मोठीच शिक्षा होती. मास्तरांना माणसांचे चेहरे दिसत नव्हते, फक्त पाय दिसत होते. पण शिंप्याला पाय पुरतात. कुणाची मोहरी आपण शिवली, कुणाची दुसरीकडून शिवून आणली, हे त्यांना त्या हालतीतही कळत होतं आणि रागही येत होता. लोकांना मात्र वेगळंच दिसत होतं. कडक कॉलर आज वाकून चाललेत! जो तो सलाम करत होता. ज्याच्याशी दुकानापुढच्या बाकावरून भांडण झालं होतं, तो न्हावी हातातला वस्तरा तसाच धरून बाहेर आला.

“अहो मास्तर, एवढं कशाला? बाक तुमचाच. त्या दिवशी मीच जास्त बोललो.”

मास्तरांना त्याच्या चपला दिसल्या. उत्तर द्यायला तोंड उघडलं तर कळ आली आणि नुसतं “अंऽऽ” असं बाहेर पडलं. न्हाव्याला ते फार प्रेमाचं वाटलं.

लाँड्रीसमोर मास्तरांचे पाय थांबले. पुढे एक पाऊलही टाकवेना. एवढ्यात समोर एक पँट येऊन उभी राहिली. मोहरीची दुमड हातशिलाईची, टाका शोधूनही सापडू नये अशी. असा टाका साऱ्या बाजारात एकच माणूस घालायचा, आणि तो मास्तरांनीच शिकवला होता.

“अब्बा, हे काय करताय?” जावई म्हणाला. “माणसापुढे असं वाकू नये. उठा.”

उठता येत असतं तर काय हवं होतं. सासरा उठत नाही म्हटल्यावर जावईच भर रस्त्यात गुडघ्यांवर बसला, खालून त्यांच्या तोंडाकडे बघत. “मला एक शब्द पुरला असता, अब्बा. एवढं कशाला केलंत?”

आता खरं सांगायची वेळ होती. ‘अरे बाबा, कंबर धरलीय’ एवढंच म्हणायचं होतं. मास्तरांनी जावयाचे भरून आलेले डोळे पाहिले. भोवती जमलेल्या चपलाही पाहिल्या. आणि ते म्हणाले, “हं.”

एवढंच म्हणाले. पण त्या एका ‘हं’मध्ये त्यांनी न मागितलेली माफी आपल्या नावावर करून घेतली.

जावयानं लाँड्रीची हातगाडी काढली. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर मास्तरांना कुशीवर ठेवलं. उचलताना मास्तर असे ओरडले की शेजारच्या दुकानातलं मांजर माळ्यावर चढलं. गाडी निघाली. कुणीतरी रुकूच आडवा करून घरपोच पाठवलाय, असं दिसत होतं.

डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, शेकायला सांगितलं. “आता काही दिवस वाकायचं नाही.”

“मी तसाही वाकत नाही,” मास्तर उशीत तोंड खुपसून म्हणाले.

संध्याकाळी मुलगी आली. बापाच्या उशाशी बसून पोटभर रडली, मग हसली, मग चहा केला. “अब्बा, तुम्ही सगळ्या बाजारासमोर यांच्यापुढे वाकलात. मला तर खरंच वाटेना.” आपा दारात उभी होती. तिनं भावाकडे पाहिलं. भाऊ भिंतीकडे तोंड करून झोपी गेला, म्हणजे तसं दाखवायला लागला.

मग मास्तरांचे भलतेच चांगले दिवस आले. न्हावी बघायला आला. मशिदीतला म्हातारा दुआ घ्यायला आला. मास्तर पडल्या पडल्या सगळ्यांना नम्रतेवर चार शब्द ऐकवू लागले. पाठ सरळ झाली तसे घरीच खुर्चीवर बसून नमाज पढू लागले. रुकू आला की नुसती मान जरा खाली करायची, तेवढी मुभा आजारी माणसाला असते.

एका सकाळी नमाज संपली तशी आपा समोर येऊन बसली.

“एक विचारू? त्या दिवशी तू माफी मागितलीस, की कंबर अडकली होती?”

मास्तरांनी टोपी नीट केली. “आता ते उकरून काय करायचंय? सगळे खूश आहेत.”

“सगळे? जावई अजून गुंड्याच लावतोय. तुझ्या त्या वाकण्यानं त्याच्या हातात कात्री आली का?”

मास्तर पुन्हा टोपी नीट करायला लागले.

“रुकूत काय म्हणतोस तू?”

“आपा, मला काय नमाज शिकवतेस?”

“सांग तर.”

“सुबहान रब्बियल अज़ीम.”

“म्हणजे?”

“माझा रब पवित्र आहे, तो महान आहे.”

“तो महान आहे,” आपा म्हणाली. “अल्लाहशिवाय कोणापुढे झुकायचं नाही, हे तुझं अगदी बरोबर. कारण त्याच्याशिवाय कोणीच मोठं नाही. पण बाबा, त्या ‘कोणीच’मध्ये तूही आलास की. तू ते वाक्य दुसऱ्यांसाठी वापरतोस, स्वतःला त्यातून वगळतोस. रांगेत बघ कधी. उभे असताना कोणी उंच, कोणी बुटका. रुकूत गेले की सगळ्यांच्या पाठी एका पातळीत येतात. तिथं मास्तर कोण आणि जावई कोण, हे वरच्या मजल्यावरून बघणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. आणि तू बाहेर येऊन चपला घातल्यास की परत उंच होतोस.”

“पण मी रोज झुकतो, आपा.”

“कंबर झुकते. तिला सवय आहे. कंबर अडकली तेव्हा तुला इंजेक्शन मिळालं. हे दुसरं जे ताठ राहिलंय ना, त्याला डॉक्टर काय करणार?”

आपा उठून गेली. दुपारची नमाज पढताना मास्तरांनी मान खाली केली, नेहमीचे शब्द म्हणायला गेले, आणि ‘महान’ या शब्दापाशी अडखळले. न मागितलेली माफी आपण किती दिवस पांघरून बसलोय, हे एकदम ध्यानात आलं. जावई समोर गुडघ्यांवर बसलेला दिसायला लागला. त्या पोरानं आपल्यासाठी रस्त्यावर गुडघे टेकले, आणि आपण म्हणालो काय, तर ‘हं’.

नमाज संपवून त्यांनी कमरेचा पट्टा बांधला आणि थेट बँकेत गेले. रांगेत उभे राहिले. रांगेत उभं राहायची सवय नव्हती, पण राहिले.

“काढायचेत की भरायचेत?” कॅशियरसाहेबांनी वर न बघता विचारलं.

“बाही,” मास्तर म्हणाले.

“काय?”

“तुमच्या कोटाची बाही. ती मी कापली होती. जावयानं चष्मा लावायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. वर त्याच्यावरच ढकललं.”

कॅशियरसाहेबांनी हातातल्या नोटा खाली ठेवल्या. “मास्तर, अहो मी हे सगळ्या गावाला सांगितलंय.”

“म्हणूनच तर इथं आलो. आता हेही सगळ्या गावाला सांगा. दोन दिवसांत तुमचा नवा कोट होईल. जावई शिवेल, कापेलही तोच.”

तिथून ते लाँड्रीत गेले. लाँड्रीवाल्यासमोर, दोन गिऱ्हाइकांसमोर, तेच सगळं पुन्हा सांगितलं. जावई हातातली गुंडी धरून ऐकत होता.

“आणि आणखी एक,” मास्तर म्हणाले. हे जास्त कठीण होतं. “त्या दिवशी मी तुझ्यापुढे वाकलो नव्हतो. कंबर धरली होती. तू माफी समजलास, मी समजू दिलं. आज बघ, पट्टा बांधून ताठ उभा आहे आणि सांगतोय. माझं चुकलं, बेटा.”

जावई खाली बघून हसला. “मला माहीत होतं, अब्बा.”

“काय माहीत होतं?”

“गाडीवर ठेवताना तुम्ही ओरडलात ना, तेव्हाच कळलं. माफी मागणारा माणूस असा ओरडत नाही.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमची लेक इतक्या महिन्यांनी हसत होती. आणि लोक तुम्हाला चांगलं म्हणत होते. म्हटलं, राहू दे.”

मास्तर जवळच्या स्टुलावर बसले. ज्याला आपण चार माणसांत खाली पाहायला लावलं, तो इतके दिवस चार माणसांत आपली लाज झाकत होता. शेवटी लाँड्रीवाल्यानंच पाण्याचा पेला आणून दिला.

जावई दुकानात परतला. पहिल्याच दिवशी मास्तरांनी कात्री त्याच्या हातात दिली आणि स्वतः काजं करायला बसले. पहिलं काज वाकडं आलं. जावई काही बोलला नाही. मास्तरांनीच चष्मा शोधला.

पुढे डॉक्टरांनी वाकायला परवानगी दिली. इतक्या दिवसांनी मास्तर रांगेत रुकूत गेले तेव्हा जपून, सावकाश गेले. एका बाजूला जावई होता, दुसऱ्या बाजूला कुणी अनोळखी हमाल. तिघांच्या पाठी एका रेषेत आल्या. मास्तरांनी नेहमीचेच शब्द म्हटले, पण या वेळी त्यांना ते ऐकू आले. इमामसाहेबांची हाक आली आणि उठताना त्यांना हलकं वाटलं. औषधाचाही गुण असेल त्यात, नाही असं नाही.

मित्रहो, प्रार्थना आपण सगळेच करतो. कोणी उभ्यानं, कोणी बसून, कोणी हात जोडून, कोणी कपाळ टेकून. रुकू सांगतो ते एवढंच की मोठेपण एकाचंच आहे आणि बाकी आपण सगळे एका उंचीचे आहोत. हे प्रार्थनेच्या जागी कबूल करणं सोपं असतं, कारण तिथं सगळेच वाकलेले असतात. खरं वाकणं त्यानंतर असतं. घरी असतं, दुकानात असतं, आणि ज्याच्यावर आपण अन्याय केला त्याच्या डोळ्यांत बघून ‘माझं चुकलं’ म्हणताना असतं. त्यासाठी कंबर वाकवावी लागत नाही, तरी जड जातं. पण ते ज्याला जमलं, त्याची प्रार्थना पोहोचली असं समजायला हरकत नाही.