डचेस आणि लोखंडी हात

डचेस सलग तिसऱ्या दिवशीही धार काढायच्या यंत्रात शिरली नाही. बाकीच्या साठ गाई आपल्या पायानं आत जात. यंत्राचा लोखंडी हात कास चाचपून सडांना पेले लावी आणि त्या निवांत खाणं खात उभ्या राहत. डचेस तेवढी फाटकापाशी थेल्माकडे बघत उभी. संध्याकाळी थेल्माच वाकड्या झालेल्या बोटांनी तिची कशीबशी धार काढी. मुलानं बजावलं होतं, शुक्रवारपर्यंत आत गेली नाही तर खाटकाची गाडी येणार. आज गुरुवार.

मार्चमध्ये थेल्माचा नवरा क्लेम चहा अर्धा टाकून गोठ्याकडे गेला आणि तिथंच कोसळला, तो परत आलाच नाही. यंत्र आलं ते त्यानंतर.

सून मिहो जपानची. रोज सकाळी ती यंत्रापुढं वाकून त्याचे आभार मानी.

"माझ्या पोरापुढं वाकलीस का गं कधी?" फाटकापाशी उभ्या थेल्मानं विचारलं.

"तो एवढं काम कुठं करतो, आई?"

थेल्माला हसू आलं, पण ते तिनं दाखवलं नाही. मग मिहोनं गुडघ्याचा विषय काढला. गेल्या वर्षी दवाखान्यात असल्याच यंत्रानं सासूबाईंचा गुडघा कापून बदलला, तेव्हा त्यांनी चष्मा न लावताच संमतीच्या कागदावर सही ठोकली होती.

"गुडघा माझा हाय," थेल्मा म्हणाली. "दुखलं तर मी बोंबलीन. डचेसनं कुणाला सांगायचं?"

मिहोनं डचेसकडे बघितलं. "ती यंत्राला भीत नाही, आई. तुम्ही इथं उभ्या आहात तोवर ती तुमचीच वाट बघणार."

थेल्माला ते लागलं. मग गुडघा सांभाळत खाली बसली आणि यंत्राचा एकेक गार पेला तळव्यांत धरून चोळू लागली. धारेला बसण्याआधी क्लेम आपले तळवे असेच चोळायचा.

"डावीकडचा मागचा सड हळू धर," तिनं यंत्राला सांगितलं, आणि वारा तोंडावर घेत तडक स्वयंपाकघरात आली. खिडकीकडे पाठ करून बसली.

किटलीतलं पाणी उकळून निवलं, तेव्हा मिहो दारात आली.

"गेली, आई. दूध देतेय."

"मागं वळून बघितलं का तिनं?"

"नाही."

थेल्मानं कप पुढ्यात ओढला.

"क्लेमवरच गेलीय," ती म्हणाली.