वेदीच्या तीन पायऱ्या

जुन्या चर्चचं नाट्यगृह करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिल्याच बैठकीत मी शेखी मिरवली. "माझी सख्खी बहीण व्हीलचेअरवर असते. त्या बाबतीत मला कुणी शिकवायला नको." तसंही मिस्त्रीच्या तोंडी कोण लागतं?

आर्किटेक्ट बाईंनी तेवढा एकदा मला समजवायचा प्रयत्न केला. वेदीचा चौथरा हाच आता रंगमंच होणार होता आणि त्याला तीन पायऱ्या होत्या. बाईंच्या नकाशात तिथे अठरा फुटांचा रॅम्प होता. त्यासाठी पायऱ्यांचा निम्मा भाग फोडावा लागणार होता. अखंड दगड, माणसांच्या पावलांनी मधोमध झिजलेला. तसा दगड हल्ली बघायला मिळत नाही. माझा हात काही धजेना.

"बाई, खुर्चीतली माणसं नाटक बघायला येणार. त्यांचं वर काय काम?" मी म्हणालो आणि कानावरची पेन्सिल काढून रॅम्प खोडला. "माझ्या बहिणीचं मला कळत नाही का?"

बाईंनी नकाशा गुंडाळला.

बाकी काम मात्र मी जीव ओतून केलं. दाराचा उंबरा काढला, बाक कापून मधेमधे व्हीलचेअरला जागा ठेवली, संडासाचं दार बाहेर उघडणारं केलं. कठड्यासाठी टेप घेऊन ताईच्या कोपराची उंची मोजली, तर ती म्हणाली, "काय रे, झगा शिवतोस की काय मला?"

पहिल्या प्रयोगाला चार दिवस उरले होते. त्या दुपारी नव्या रंगमंचावरची पहिली तालीम होती. ताई आली ती हातात कागद घेऊन.

"तुला सांगितलं नव्हतं. न्यायाधीशाचं काम मिळालंय मला," ती म्हणाली. "बसूनच करायचं असतं, म्हटलं आपल्याला जमेल."

तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. माझी नजर मात्र त्या तीन पायऱ्यांवर गेली. कठड्यावरून हात फिरवत ती दिग्दर्शकांना सांगत होती, "हे सगळं माझ्या भावानं केलंय." मग ती पायऱ्यांपाशी येऊन थांबली.

दोन नट बाह्या सरसावून पुढे आले. "उचलतो ना आम्ही, ताई."

"मी काय कपाट आहे?" ती म्हणाली.

दिग्दर्शक चुळबुळले. "तुम्ही खालूनच निकाल द्या. चालून जाईल."

तसं करून बघितलं. आरोपी वर उभा आणि न्यायाधीश त्याच्या पायाशी. नट बिचारा तिच्याशी बोलायला वाकत होता. मागे कुणीतरी फिसकन हसलं. ताईनं कागद मिटला आणि ती तालीम बघायला आलेल्या आर्किटेक्ट बाईंकडे वळली.

"नकाशा काढताना तुमचे डोळे कुठे होते हो?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. मी गप्प राहिलो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. आणि खरं सांगतो, क्षणभर मी गप्प राहिलोच. त्या क्षणाची लाज मला रॅम्प खोडल्याच्या लाजेपेक्षा जास्त वाटते.

"त्यांनी काढला होता, ताई," मी म्हणालो. "मी खोडला. दगड चांगला होता. आणि मला वाटलं, तू बघायला येशील."

"नुसती बघायला."

"हो. तुला विचारलंही नाही. तुझंच नाव पुढे करून त्यांचं तोंड बंद केलं." माझी मान वर होत नव्हती. "आजच फोडायला घेतो. परवापर्यंत त्या जागी सध्यापुरता लाकडी रॅम्प उभा करतो."

तिनं मिटलेला कागद मांडीवर ठेवला. सगळे ऐकत होते.

"कर," ती म्हणाली. "बाईंना विचारून कर. आणि यापुढे माझी बहीण अशी आहे, असं कुठे सांगत जाऊ नकोस."