ताईच्या लिव्हरमधला ठिपका

ताईची खोड साऱ्या घराला ठाऊक होती. बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत उभा जन्म गेलेला. कानावर काही पडलं की तोंडातून उत्तर आलंच. त्यामुळे सीटी स्कॅनच्या यंत्रातून रेकॉर्ड केलेला आवाज आला, "श्वास घ्या, रोखून धरा," तेव्हा बाईसाहेबांनी काय करावं? "हो, धरला हं!" म्हणून मोकळ्या! तेही दर वेळी. फोटो हलले, आणि नेमके नको तिथेच हलले.

कारण ताईच्या लिव्हरमध्ये एक ठिपका दिसला होता.

ताई काही आजारी नव्हती. आजारी होता तिचा धाकटा भाऊ, कुलपं-चाव्यांचं दुकान चालवणारा बारक्या. नाव बारक्या, पण अंगाने चांगला दांडगा. म्हणजे आजारपणाआधी होता. त्याचं लिव्हर पार कामातून गेलं होतं. कुणाच्या तरी निरोगी लिव्हरचा तुकडा बसवला तरच तो वाचणार होता. "कुणाच्या तरी म्हणजे काय? माझ्या," असं म्हणून ताईने विषय संपवला. म्हणून तिची तपासणी, आणि तपासणीत हा ठिपका. इंजेक्शनमधलं औषध पोहोचताच तो झगझगीत उजळला होता. साधी गाठ असेल, कॅन्सरही असेल. पुढचे फोटो हललेले, त्यामुळे कुणालाच ठामपणे सांगता येईना.

बारक्याच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःच्या मरणाचा विचार त्याने एव्हाना पचवला होता, पण ताईच्या?

"मला नको तुझं लिव्हर. तू तेवढी धडधाकट राहा," तो म्हणाला.

"गप रे! नको म्हणे. पानातली भाजी आहे का ती?"

मग एमआरआय करायचं ठरलं. बारक्याने स्वयंपाकघरात तिचा सराव घेतला. "श्वास रोखा," तो घोगऱ्या आवाजात म्हणायचा. "रोखला," ताई म्हणायची आणि स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायची. हसून हसून दोघांची पुरेवाट झाली, पण शेवटी जमलं. जन्मात पहिल्यांदाच ताईने त्याचं मुकाट्याने ऐकलं.

स्कॅनच्या दिवशी ताई आत आणि बारक्या बाहेर बाकावर. बऱ्याच वेळाने तंत्रज्ञ डोकावून म्हणाला, "शेवटचे फोटो राहिलेत. डॉक्टर मॅडमनी अजून थांबायला सांगितलंय." बारक्याला वाटलं, थांबवतात म्हणजे नक्कीच काही वाईट दिसलं असणार! ज्या कुणाच्या हातात असेल त्याला तो मनोमन विनवत बसला, माझं राहू दे, तिला सोडव.

अखेर रेडिओलॉजिस्ट बाईंनी दोघांना आत बोलावलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

"हे बघा, ठिपका उजळलाय. कॅन्सरही असाच उजळतो. पण त्यातलं औषध बहुतेक वेळा लवकर ओसरतं आणि गाठ आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळी पडते. ही तशी पडली नाही. आणि हा शेवटचा फोटो, याच्यासाठी तुम्हाला ताटकळत ठेवलं. आज टोचलेलं हे औषध लिव्हरच्या चांगल्या पेशी हळूहळू आत ओढून घेतात. तुमच्या गाठीनेही घेतलंय आणि धरून ठेवलंय. म्हणजे ती लिव्हरच्याच पेशींची आहे. मधला हा व्रणही अशा साध्या गाठींत दिसतो. कॅन्सर नाही. काढायचीही गरज नाही."

बारक्याने हात जोडले. काहीतरी बोलायला गेला आणि लहान मुलासारखा रडायलाच लागला.

"मॅडम, घाई केली नाहीत, फार उपकार झाले," एवढंच कसंबसं त्याच्या तोंडून निघालं. मग तो ताईकडे वळला. घरच्या माणसाचे आभार कसे मानायचे ते त्याला कधी जमलं नव्हतं. "ताई, तू देते म्हणालीस ना, तेव्हाच मला सगळं मिळालं गं. तू बरी आहेस, बस्स. आता चल घरी."

ताईचं लक्षच नव्हतं. तिने खुर्ची पुढे सरकवली.

"मॅडम, मग याला द्यायला चालेल ना?"

बाई म्हणाल्या, "शेवटी सर्जन ठरवतील. पण या गाठीमुळे अडावं असं मला वाटत नाही."

ताई उठली, पदराने भावाचे डोळे खसाखसा पुसले आणि म्हणाली, "ऐकलंस? सर्जन कुठे बसतात ते विचारून ये."