सहाव्या भागातला हामो

बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तोक्योच्या पश्चिमेकडच्या एका स्टुडिओत टीव्ही मालिकेतला हामो मासा कापण्याचा प्रसंग थांबला. थांबवला तो दिग्दर्शिकेने नाही. मालिकेचे पाककला मार्गदर्शक त्सुकुदा हारुहिको कॅमेऱ्यासमोर आले, पाटावरची सुरी उचलली, पुसली आणि बाजूला ठेवली.

कॅमेरा चालू असताना मध्ये येणारा माणूस सहसा दुसऱ्या दिवशी कामावर नसतो. दिग्दर्शिका मादारामे योको यांनी पडद्यावरून नजर काढली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"त्सुकुदासान, आलात ते आलात. पण कॅमेऱ्याकडे पाठ करून कशाला उभे राहिलात? चेहरा दिसला असता तर मी ठेवला असता हा शॉट."

कोणी हसलं नाही.

"हा मासा पाहुण्यापुढे जाणार नाही," त्सुकुदा म्हणाले.

"गेलाय की. पटकथेत गेलाय, पाहुणीने खाल्लाय, रडून झालंय तिचं. वाचलीत ना तुम्ही?"

"वाचली. पण तेव्हा मासा कापलेला नव्हता."

मालिका क्योतोतल्या एका जुन्या खानावळीची आहे. सहाव्या भागात शुहेई नावाचा शिकाऊ आचारी आयुष्यातला पहिला हामो कापतो. दर उन्हाळ्यात नवऱ्याबरोबर येणारी एक म्हातारी या वर्षी एकटीच आली आहे. शुहेईने कापलेला हामो तिच्या वाटीत जातो, ती पहिला घास घेते, तिचे डोळे भरून येतात. या एका घासावर अख्खा भाग उभा आहे.

हामो हा वामसारखा लांब समुद्री मासा. त्याच्या मांसात बारीक काटे इतके भरलेले असतात की ते काढता येत नाहीत. मासा उघडून, कातडी खाली ठेवून, जड सुरीने काटे मांसातच बारीक करावे लागतात. दोन कापांमधलं अंतर जेमतेम नखाच्या जाडीएवढं. सुरी खोल गेली तर कातडी तुटते, उथळ राहिली तर काटा राहतो. नीट कापलेला तुकडा उकळत्या साराला लागला की सगळ्या बाजूंनी फुलासारखा उमलतो. क्योतोत उन्हाळा याच्यावाचून सुरू होत नाही, आणि तिथल्या स्वयंपाकघरात या सुरीला हात लावायला मिळण्याआधी माणसाची बरीच वर्षं भांडी घासण्यात आणि भाज्या सोलण्यात जातात.

शुहेईचं काम करणाऱ्या सेगावा इत्सुकीकडे तीन महिने होते. वय सत्तावीस, मूळचा एका गाणाऱ्या-नाचणाऱ्या पोरांच्या गटातला. मालिका ठरली तेव्हा सगळे धरूनच चालले होते की हात त्सुकुदांचे दिसतील आणि चेहरा सेगावाचा. अशा मालिकांत हे नेहमीचं. सेगावानेच नको म्हटलं. रोज सकाळी तो त्सुकुदांनी भाड्याने घेतलेल्या स्वयंपाकघरात यायचा आणि मासे कापायचा. आधी स्वस्तातले, मग हामो.

"गाडीत मला सगळ्यात मागच्या सीटवर बसवतात, मास्तर," तो एकदा म्हणाला होता. "खिडकी उघडी ठेवून."

"वास जात नाही," त्सुकुदा म्हणाले होते. "सवय होते. तुला नाही, बाकीच्यांना."

बुधवारी तो वाईट कापत नव्हता. तीन महिन्यांत इतकं कोणाला जमत नाही, हे त्सुकुदांनीही नंतर सगळ्यांसमोर सांगितलं. पण चांगल्या हाताखाली शार् शार् असा जो एकसारखा आवाज येतो, तो येत नव्हता. आवाज अडखळत होता. ध्वनिमुद्रकाने सुचवलंही, की त्सुकुदांच्या हातचा आवाज सकाळीच घेऊन ठेवला आहे, तो खाली लावू. त्सुकुदा त्याला म्हणाले, "आवाज माझा लावाल. काटे कोणाचे लावणार?"

तालमीसाठी कापलेले तुकडे आधीच सारात सोडून पाहिले होते. एक बाजू उमलली. दुसरी तशीच सपाट राहिली.

"घरी बसलेल्याला हे दिसणार नाही," मादारामे म्हणाल्या. "घरी बसलेल्याला एवढंच दिसणार की हात आणि चेहरा एकाच माणसाचे आहेत, आणि तो माणूस घाबरलेला आहे. मला वीस वर्षांत असं मिळालेलं नाही. तुमचे हात दाखवले की कापणं उत्तम होईल आणि प्रसंग मरेल. हातांना भीती वाटत नाही तुमच्या."

"माझे हात दाखवू नका. वाटी बदला. तुकडा माझा ठेवा."

"मग मी कशाला कापला?" सेगावा म्हणाला. सुरी जिथून उचलली गेली होती तिथेच तो अजून उभा होता. "तीन महिने मी माशाशी मारामारी करायची आणि वाटीत तुमचा तुकडा? मग पहिल्याच दिवशी सांगायचं होतं ना, मास्तर."

त्सुकुदांची अडचण वेगळी होती, आणि ती सेटवर सगळ्यांना ठाऊक होती.

त्सुकुदा वीस वर्षं क्योतोच्या मिझुहाया या खऱ्याखुऱ्या खानावळीत होते. अशा खानावळीला तिथे घर म्हणतात. घराचे मालक कुझे तेइझो, वय अठ्ठ्याहत्तर. येत्या ऑक्टोबरात कुझे त्यांना नोरेन देणार आहेत, म्हणजे दारावर लावायचा घराच्या नावाचा पडदा. तो मिळाला की तोक्योत त्सुकुदांचं स्वतःचं मिझुहाया उभं राहील. न मिळाला तर ते शेचाळिसाव्या वर्षी, चांगला हात असलेले, पण कुठल्याच घराचे नसलेले आचारी. मालिकेचं काम घ्यायला कुझेंनी परवानगी दिली होती, आणि मार्गदर्शन म्हणून घराचं नाव श्रेयनामावलीच्या शेवटच्या पाटीवर घालायलाही. अट एकच होती. टीव्हीवाल्यांना प्रेमात पडायचंय तर पडू दे, भांडायचंय तर भांडू दे. आमच्या नावाखाली पाहुण्यासमोर काय ठेवलं जातं, तेवढंच मी बघेन.

आणि मालिकेतला मोठा आचारी पटकथेच्या पान एकेचाळीसवर शुहेईचा हामो बघून म्हणतो, "झकास. घेऊन जा."

"हे वाक्य काढा निदान," त्सुकुदा म्हणाले.

"काढलं तर तो मासा बाहेर पाठवतो कशाला?" मादारामे म्हणाल्या.

पाहुण्या म्हातारीचं काम करणाऱ्या ओनोदेरा यासुए इतका वेळ काउंटरच्या पलीकडे किमोनोत बसून होत्या. त्या जन्माने क्योतोच्या.

"बाळा, तुम्ही भांडताय त्याबद्दल काही नाही," त्या मादारामेंना म्हणाल्या. मादारामे पन्नाशीच्या आहेत. "पण तालमीतला मी चाखून बघितला. टोचतोय. मी रडेन, पैसेच घेतलेत रडायचे. फक्त का रडतेय ते नंतर मला विचारू नका."

यावर मात्र सगळे हसले, सेगावासुद्धा. हसणं थांबल्यावर त्याने त्सुकुदांना विचारलं, "तुमचा पहिला कोणी खाल्ला?"

"आम्हीच. माकानाईत."

माकानाई म्हणजे स्वयंपाकघरातल्या माणसांचं आपसातलं जेवण, पाहुणे येण्याआधी, बहुधा उभ्यानेच.

"चांगला होता?"

"मालकांनी दोन घास खाल्ले आणि वाटी माझ्यासमोर सरकवली. संपव म्हणाले. बाकीचे बघत होते. घशात कुसळं गेल्यासारखं वाटत होतं. आमच्याकडे पहिला हामो बाहेर जात नाही. पहिल्या वर्षीचा कुठलाच जात नाही."

"मग शुहेईचा कसा गेला?"

"तेच मी मघापासून सांगतोय."

सेगावा मादारामेंकडे वळला. "मला खाऊ द्या ना तो. म्हातारीला मोठ्या आचाऱ्याच्या हातचा जाऊ दे. मी आत उभा राहून माझा खातो."

"आणि भाग संपतो कुठे? तू चावतोयस तिथे?"

"हो."

"प्रेक्षकांना म्हातारी हवीय, इत्सुकी."

"म्हातारी इथे बसलीय, तिला ऐकू येतं," ओनोदेरा म्हणाल्या.

मादारामेंनी निर्मात्याला फोन लावला. बोलणं बरंच लांबलं. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की निर्मात्याला पटकथेत आहे तसंच हवं आहे. जाहिरातीतही ओनोदेरांचे डोळेच दाखवलेत. त्यामुळे आधी पटकथेप्रमाणे घ्यायचं. वेळ उरला तर दुसरं घेऊ.

त्सुकुदांनी सुरी परत पाटावर ठेवली.

पटकथेप्रमाणे घेतलं. सेगावाने कापलं, मोठ्या आचाऱ्याने "झकास" म्हटलं, वाटी ओनोदेरांपुढे गेली. उमललेली बाजू कॅमेऱ्याकडे ठेवली होती. त्यांनी घास घेतला, गिळला, आणि डोळे भरले. एका फटक्यात. प्रकाशयोजनेच्या माणसांपैकी दोघांनी नाक पुसलं.

वेळ उरला. मग दुसरं घेतलं. या वेळी म्हातारीच्या वाटीतला तुकडा त्सुकुदांनी कापलेला होता, आणि तो चोहोबाजूंनी उमलला. सेगावा मागच्या शेगडीपाशी उभा राहून स्वतःचा खायला लागला. तिसऱ्या घासाला काटा खरंच लागला. तो खोकला, डोळ्यांत पाणी आलं, तोंडावर मूठ धरली आणि चावत राहिला. मादारामेंनी कट म्हटलं नाही. वाटी रिकामी झाली, त्याने ती धुतली, पालथी घातली, तरीही म्हटलं नाही. सहाय्यकाने त्यांच्याकडे दोनदा पाहिलं.

"माझ्या रडण्यापेक्षा त्याचं खोकणं खरं वाटतंय," ओनोदेरा कॅमेऱ्यामागून म्हणाल्या. "मला हे अजिबात आवडलेलं नाही."

सेगावाने घसा साफ करत त्सुकुदांना विचारलं, "आता कसा होता?"

"तू खाल्लास. तू सांग."

"भयंकर."

"हं," त्सुकुदा म्हणाले. "उद्या सकाळी ये. वेळेवर."

दोन्हींपैकी कोणतं वापरायचं याचा निर्णय त्या दिवशी झाला नाही. निर्मात्याला पहिलं हवं आहे. मादारामेंनी संकलकाला दोन्ही जोडून ठेवायला सांगितलं आणि स्वतःचं मत कोणालाही सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी त्सुकुदांनी क्योतोला फोन केला. फोन मालकीणबाईंनी उचलला, "ते लोणच्याशी बोलतायत, थांबा" म्हणाल्या आणि कुझेंना बोलावून आणलं. त्सुकुदांनी घडलं ते सगळं सांगितलं, काही न वगळता. तुकडा एका बाजूने सपाट होता हेसुद्धा.

"तीन महिन्यांत?" कुझेंनी विचारलं.

"हो."

"एक बाजू तरी उमलली म्हणजे पोरगा ऐकणारा आहे."

"आहे, मालक."

"खाल्ला कोणी?"

"दोघांनी. एकदा पाहुणीने, एकदा त्याने."

"लोकांना दिसणार कोण खाताना?"

"अजून ठरलेलं नाही. मालक, मी घराचं नाव काढायला सांगू का? शेवटच्या पाटीवरून. अजून वेळ आहे, ऐकतील ते."

कुझेंच्या मागून नळाचा आवाज येत होता.

"नाव काढायचं नाही," ते म्हणाले. "पाच भाग नाव होतं आणि सहाव्याला नाही, म्हणजे आपल्याला ठाऊक होतं आणि आपण पळालो, असा अर्थ होतो. जे वाढलं ते आपल्याच नावावर वाढलेलं असू दे. रविवारी भाग लागेल तेव्हा मी बघेन. सोमवारी ये इकडे."

"ऑक्टोबरचं..."

"सोमवारी ये म्हटलं ना."

शुक्रवारी त्सुकुदा संकलनाच्या खोलीपर्यंत गेले होते. दार बंद होतं. बाहेरच्या सहाय्यिकेने त्यांना चहा दिला आणि आत कोणालाही सोडायचं नाही असा निरोप असल्याचं सांगितलं. आतून ओनोदेरांचा संवाद ऐकू येत होता. पण तो दोन्ही प्रकारांत होता, तेव्हा त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. त्याच सकाळी सेगावा नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात आला होता. त्याचं त्या प्रसंगाचं काम संपलेलं आहे, पुढच्या भागांत हामो नाही. तरी त्याने दोन मासे कापले. दुसऱ्याची कातडी एकदाच तुटली.

शनिवारी संध्याकाळी चार वाजता सहाव्या भागाची अंतिम प्रत वाहिनीकडे गेली. पाटीवर मिझुहायाचं नाव आहे, एवढं सहाय्यिकेने फोनवर सांगितलं. शुहेईचा हामो कोण खाताना दिसतं हे तिला ठाऊक नव्हतं. मादारामेंचा फोन बंद होता. त्सुकुदांनी सोमवारी सकाळच्या क्योतोच्या गाडीचं तिकीट काढलं आहे.